मतपत्रिकेवर न सापडलेला माणूस

एकसष्ट मतं. अब्दीरशीद वारफा सकाळपासून तो आकडा घेऊन घरभर फिरत होता, आणि घर तरी केवढं! सोफ्यापासून खिडकीपर्यंत अकरा पावलं, वळायचं, परत अकरा. मिनेसोटाच्या विधानसभेसाठी पक्ष कुणाला उभं करणार हे ठरवणारी निवडणूक काल झाली होती आणि तो पडला होता. तिघं रिंगणात होते. सोळा वर्षं त्या खुर्चीला चिकटलेल्या लिंडग्रेनबाई, तो स्वतः, आणि अब्दीरशीद महाद नावाचा कोण कुठला प्राध्यापक, ज्याला त्याच्या कॉलेजाबाहेर कुत्रं ओळखत नव्हतं. बाई एकसष्ट मतांनी जिंकल्या.

"बस की जरा," त्याची बायको इदिल म्हणाली. "गालिचा झिजेल."

"मला हरल्याचं काही वाटत नाहीये."

"हो, दिसतंय ना."

दहा वाजता केंद्रवार आकडे आले आणि हिशेबनिसाची नजर जायची तिथंच गेली. नदीकाठच्या तीन उंच इमारतींत सगळी आपलीच सोमाली वस्ती. तिथल्या केंद्रावर सातशे चाळीस लोकांनी मतदान केलं होतं, पण त्याच्या जागेसाठी खुणा मोजल्या तर पाचशे अठ्ठ्याऐंशीच. म्हणजे एकशे बावन्न माणसं केंद्रावर गेली, गव्हर्नरपासून सगळ्यांसमोरचे गोल भरून आली, आणि त्याची तेवढी ओळ कोरी सोडून घरी गेली.

हरणं त्यानं गिळलं असतं. हे घशात अडकलं.

या इमारतींसाठीच तर तो उभा राहिला होता. अठरा वर्षं त्यानं या माणसांचे कराचे, औषधपाण्याचे, भाड्याच्या सवलतीचे फॉर्म भरले. फॉर्म एक दिवस उशिरा पोचला म्हणून म्हाताऱ्यांची मदत तीन-तीन महिने बंद पडताना बघितली. भरून भरून हात दुखले, तेव्हा एक दिवस त्याच्या मनानं घेतलं की हे फॉर्म जिथं ठरतात तिथंच जाऊन बसायचं. आणि तीच माणसं त्याची ओळ कोरी सोडतात?

त्यानं कोट चढवला. "कुठं?" इदिलनं विचारलं. "विचारायला," तो म्हणाला आणि जिना उतरला.

सातव्या मजल्यावर दहाबो राहायची. नात्यातली नव्हे, पण तिच्या वयाच्या बाईला आमच्यात ईडो, म्हणजे आत्याच म्हणतात. तिनं दार उघडलं, चहा ठेवला, वेलदोडा कुटला. त्याला धीर कुठला?

"ईडो, काल मत द्यायला गेला होतात ना?"

"गेले तर! दोन तास उभी होते. पण तू नव्हतास रे बाळा."

"नव्हतो म्हणजे?"

"कागदावर नव्हतास. मला कुठं वाचता येतं? तिथं आपलीच एक मुलगी बसवलेली, समजावून सांगायला. तिनं वाचलं. एक गोरी बाई, एक अब्दीरशीद, आणखी एक अब्दीरशीद. पुढची बापांची नावं कुणाच्या लक्षात? मी म्हटलं, मला लांगारेला द्यायचंय, लांगारे कुठला यातला? तर म्हणते, आजी, ते मी सांगू शकत नाही, कायदा आहे. आता भलत्याच्याच पोराला गेलं असतं तर? दिलं सोडून." आणि मग ती काय बोलून गेली हे तिच्या लक्षात आलं. तिनं ओढणीचा पदर तोंडावर धरला. "चुकून निघालं रे तोंडातून. रागावू नकोस."

लांगारे म्हणजे लंगडा. सोमालियात, गालकायोमध्ये, चार वर्षांचा असताना त्याला पोलिओ झाला, डावा पाय वाळला, आणि बरा होऊन गल्लीत आला त्याच दिवशी पोरांनी नाव ठेवलं. आता आमच्यात याला कुणी शिवी मानत नाही. आईबाप ठेवतात ते नाव कागदासाठी. एकेका गल्लीत बारा अब्दीरशीद, हाक मारायची तर कुणाला? म्हणून कुणी ठेंगू, कुणी तिरळा, कुणी चारबोट्या. मंत्री झाला तरी सुटका नाही. पण अब्दीरशीदला ते नाव काट्यासारखं टोचायचं. हिशेबाचं काम त्यानं धरलं तेसुद्धा ते बसून करायचं असतं म्हणून. अमेरिकेत उतरल्यावर त्यानं ठरवलं, ते नाव विमानतळावरच राहिलं. कचेरीत कुणी चुकून उच्चारलंच तर त्याची फाइल सगळ्यात खाली जायची. लोक शहाणे, त्याच्यासमोर घेईनासे झाले.

तिथून तो तडक गूलेदच्या हॉटेलात गेला. गूलेद त्याचा लहानपणचा दोस्त, एका कानानं ठार बहिरा. हॉटेलाच्या पाटीवर हातभर अक्षरांत 'बहिऱ्याचं हॉटेल' असं सोमालीत लिहिलेलं, आणि त्याला त्याचा कोण अभिमान. त्यानं भात आणि मटण समोर ठेवलं, वर केळं ठेवलं.

"खा. पडलेल्या उमेदवाराला फुकट."

"तू लोकांना काय सांगितलंस?" अब्दीरशीद त्याच्या चांगल्या कानाशी ओरडला.

"काय म्हणजे? तीन महिने घसा कोरडा केला. लांगारेला मत द्या, लांगारेला मत द्या."

"मतपत्रिकेवर ते नाव होतं का?"

"मला काय माहीत? माझं मत दुसऱ्या मतदारसंघात."

"माझ्या पत्रकांवर माझं नाव छापलं होतं, चार हजार प्रती!"

"त्यातल्या पाचशे माझ्याकडं आहेत. समोसे छान बांधता येतात."

"गूलेद, ते नाव घ्यायचं नाही म्हणून मी सगळ्यांना बजावलं होतं."

"म्हणून तुझ्यासमोर कुणी घेतलं नाही. बाकी सगळ्या गावानं घेतलं." गूलेद खुर्ची ओढून बसला. "लेका, तुझं नाव काय आहे हे फक्त तुलाच माहीत नव्हतं."

अब्दीरशीद केळं न सोलताच उठून गेला.

पुढची दोन वर्षं त्याला कुठंच चैन पडलं नाही. कचेरीत बसला की उठावंसं वाटे, उठला की कुठं जायचं ते सुचेना. परत उभं राहायचं हे नक्की होतं. पण अर्जात एक रकाना होता, 'समाजात ज्या नावाने ओळखले जाता ते नाव', आणि तो रकाना झोपेतसुद्धा त्याच्यासमोर उघडा पडलेला असायचा. महाद प्राध्यापकानंही पुन्हा उभं राहायचं ठरवल्याची बातमी आली तेव्हा तर त्यानं गूलेदशी आठवडाभर बोलणंच टाकलं. जणू गूलेदनंच त्याला उभा केला होता.

मे महिन्यात अर्ज भरायला तो गेला तेव्हा बरोबर मारिट होती. त्याच्या प्रचाराचं सगळं तीच बघायची. नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांची पणती, आवाज कधी न चढवणारी. त्यानं पेन उचललं, ठेवलं, खिडकीपर्यंत जाऊन आला, परत उचललं आणि लिहून टाकलं: अब्दीरशीद लांगारे वारफा.

"हे मधलं काय आहे?" मारिटनं विचारलं.

त्यानं अर्थ सांगितला. ती कानापर्यंत लाल झाली.

"नाही, नाही. हे आपण करायचं नाही. ही अपंगत्वाची टिंगल आहे. तुम्ही किती कष्टानं इथवर आलात, आणि आता लोकांनी तुम्हाला या शब्दानं ओळखायचं? यात तुमचा अपमान आहे."

खरं सांगायचं तर त्याला कुणीतरी अडवायला हवंच होतं. चाळीस वर्षं जे त्याच्या मनात होतं तेच ती शब्दाला शब्द बोलत होती. आणि ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्याला भयंकर राग आला.

"मारिट, मी लंगडतो," तो म्हणाला. "तुम्हाला दिसत नाही का?"

"मी कधी त्याकडं पाहिलं नाही," ती घाईघाईनं म्हणाली.

"मग आता बघा." आणि तो खिडकीपर्यंत चालत जाऊन परत आला, नेहमीसारखा जपून नव्हे, पाय पडेल तसा. काउंटरवरच्या कारकुनानंही मान वर करून बघितलं. "यात टिंगल कसली? लोक मला शोधत होते आणि मी लपून बसलो होतो." असं वाक्य त्यानं आयुष्यात कुठल्याच भाषेत उच्चारलं नव्हतं. त्यानं अर्ज आत सरकवला.

ऑगस्टातली पक्षाची निवडणूक तो तीनशे नऊ मतांनी जिंकला. नोव्हेंबरातली निवडणूक त्या भागात नावापुरतीच असते, दरवेळी हाच पक्ष येतो. गूलेदनं दिवसभर हॉटेलात फुकट हलवा वाटला आणि संध्याकाळी त्याचा खर्च सगळ्यांना ऐकवला.

जानेवारीत शपथविधी होता. सेंट पॉलच्या त्या घुमटाच्या इमारतीत लिफ्टपाशी ही गर्दी. इदिलची पावलं सवयीनं तिकडंच वळली.

"जिन्यानं जाऊ," अब्दीरशीद म्हणाला.

संगमरवरी जिना रुंद होता. चारपाच पायऱ्या झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की इदिल प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवते आहे.

"गुडघे दुखतायत का गं?"

"माझे? छे."

"मग अशी काय चढतेस?"

ती थांबली. तिनं इकडंतिकडं बघितलं, मग हळूच म्हणाली, "लग्न झाल्यापासून अशीच चढते. तू मागं पडतोस ते लोकांना दिसू नये म्हणून. बाजारात, मशिदीत, पोरांच्या शाळेत, सगळीकडं."

तेवीस वर्षं. तो कठडा धरून तिच्याकडं बघत राहिला. ती हळू चालणारी बाई आहे असंच तो धरून चालला होता. कधी गाडी चुकली तर तिच्यावर वैतागलाही होता.

"मला सांगायचंस तरी."

"काय सांगायचं? त्या पायाचं नाव घरात काढायची सोय होती का?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती हसत होती. "आता छापूनच आलंय, सगळ्या राज्याला ठाऊक झालंय. मग मी माझ्या चालीनं जाऊ?"

त्यानं मान डोलावली.

इदिलनं झग्याची कड उचलली आणि ती निघाली. एका पायरीवर एक पाय, पुढचा पुढच्या पायरीवर, भराभर, माणसांच्या मधून वाट काढत, एकदाही मागं न बघता. तिला इतकं झपझप चालताना त्यानं कधीच पाहिलं नव्हतं. ती वर पोचून दिसेनाशी झाली, तरी तो अजून अर्ध्या जिन्यातच होता.