वरची चिठ्ठी

थोरलीने पाचव्यांदा तीच चिठ्ठी लिहिली : 'मुलाचं वजन भरायचं राहिलं, तर पडद्यावर मोठ्या माणसाचा डोस दिसतो.' रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या त्या कचेरीत ती वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून थोरली. दर पंधरवड्याला साहेब कामांची नवी फेरी सुरू करत, आणि नव्या फेरीला भिंतीवर तिची कोरी करकरीत चिठ्ठी. इतरांच्या जुन्याच लटकत; तिला जुनी चालायची नाही.

नवी पद्धत आल्यापासून सकाळची सभा उभ्याने होई. पंधरा मिनिटांची सभा पाऊण तास चाले आणि थोरलीचे गुडघे बोलू लागत. फेरी सुरू झाली की भिंतीवरच्या वरच्या दहा चिठ्ठ्या घ्यायच्या, बाकीच्या कामांना हात लावायचा नाही. उद्या नवी फेरी होती आणि तिची चिठ्ठी चौदावी.

"साहेब, एखाद्या पोराच्या जिवावर बेतेल."

"मॅडम, क्रम टीमने ठरवलाय. भिंतीचं ऐकायचं."

टीमने म्हणजे नक्की कोणी, हे विचारलं की जो तो दुसऱ्याकडे बघे. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी पोचली. पंखा गरगरत होता, चिठ्ठ्या जमिनीवर पसरल्या होत्या आणि सफाईच्या मावशी एकेक उचलून भिंतीला लावत होत्या.

"रोज पडतात?"

"पंख्याने उडतात, ताई. रोज मीच लावते."

"वर कुठली, खाली कुठली, कोण सांगतं?"

"कोण सांगणार? जी मळलेली, कोपरे मुडपलेली, ती वर. बिचारी कधीची ताटकळलेली असते. कोऱ्या काय, थांबतील."

थोरली मटकन खुर्चीत बसली. दोन महिने ती सुवाच्य अक्षरात स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेत होती. हसावं की रडावं, तिला कळेना.

मग तिने आपली चिठ्ठी उचलली, मुठीत चुरगळली, उलगडली, चहाच्या ओल्या कपाखाली दाबली आणि मावशींपुढे धरली.

"ही पण पडली होती."

"अगं बाई, हिला तर कुणी विचारलंच नाही," म्हणत मावशींनी ती तळव्याने सपाट केली आणि चिकटपट्टीने सगळ्यांत वर लावली.

सभेत साहेबांनी ती डाग पडलेली चिठ्ठी मोठ्याने वाचली. मग पुन्हा एकदा, मनातल्या मनात. त्यांचा चेहरा उतरला.

"मॅडम, इतकं गंभीर होतं, तर आधी नाही का सांगायचं?"

सगळे उभे होते. थोरलीने खुर्ची ओढली, बसली आणि कामाला लागली.