रंगवलेल्या खिडक्या

सातवीच्या वर्गात एखाद्या मुलाला एखादी गोष्ट खरोखर कळली, की भिंतीत एक खिडकी उघडत असे. आवाज वाळलेली शेंग तडकावी इतकाच होई. कारंडेबाईंना या शाळेत एकोणीस वर्षे झाली होती, तरी तो आवाज आला की त्यांच्या हातातला खडू अजूनही थबके.

ऋण संख्या कळलेल्या विघ्नेशच्या खिडकीतून एक बारव दिसे. तिच्या पायऱ्या शून्यापासून खाली उतरत आणि तळातून कुणीतरी शांतपणे मोजत असल्याचा आवाज वर येई: उणे चाळीस, उणे एक्केचाळीस. अक्षवृत्तांच्या खिडकीबाहेर समुद्र होता. त्यावर डोळ्यांच्या उंचीला ताणलेला एक रुपेरी दोर पृथ्वीला वळसा घालून वर्गाच्या मागच्या बाजूने परत येई. प्रकाशसंश्लेषणाच्या खिडकीत एकच पान मावले होते, तेही पुरते नव्हे. त्याच्या शिरांतून चढणारे पाणी ओढ्यासारखे ऐकू येई.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी मुले आपापल्या खिडकीतून आठवीत जात. दार दिवाळीपासूनच आखडू लागे आणि उन्हाळ्यात पाटीएवढे उरे. बाई तेवढ्यातूनही बाहेर पडत. नोंदवही काखेत असली की ते जमत असे. घंटेचे सात टोले पडले की उघडलेल्या खिडक्या मिटत आणि भिंती एकमेकींना येऊन टेकत.

नोंदवहीत प्रत्येक विषयाच्या निष्पत्तींचे, म्हणजे मुलांना काय यायला हवे त्याचे, रकाने होते आणि डावीकडे तीस नावे. तपासणीच्या आधल्या दिवशी सगळ्याच शाळांतले शिक्षक करतात तेच बाई करीत. पहिल्या नावापुढे ‘प्राप्त’ लिहायचे आणि तिथून तिसाव्या नावापर्यंत एक सरळ उभी रेघ ओढायची. रेघ ओढताच ज्यांना ते कळले नव्हते त्यांच्याही वाट्याला एकेक खिडकी येई. निळी चौकट, पांढरा पडदा, गजावर एक चिमणीसुद्धा. फक्त ती रंगवलेली असे; तिच्यातून कुणाला जाता येत नसे आणि वर्ष संपले तरी ती भिंतीवरून जात नसे.

जाई खरातच्या चौदाही खिडक्या रंगवलेल्या होत्या. वर्षभर बाई विचारीत, “समजलं ना?” आणि ती म्हणे, “हो बाई.”

शेवटच्या दिवशी विघ्नेश बारवेच्या काठावर पाय सोडून बसला होता.

“जाई, तुझी चिमणी उडव की!”

“तू आधी उणे नीट मोज. नाहीतर जाशील तळाला.”

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. पाटीएवढ्या दारातून मुख्याध्यापक नाईकवडी सरांचा चष्मा दिसला.

“बाई, नोंदी पूर्ण आहेत ना?”

“एक मुलगी राहतेय सर.”

“वहीत राहतेय का?”

“वहीत नाही.”

“मग काळजी कसली?” असे म्हणून ते घंटेकडे गेले.

पहिल्या टोल्याला मुले पाखरांसारखी निघाली. कुणी दोर धरून समुद्रावर गेले, कुणी पानाच्या शिरेतून वर चढले. दुसऱ्या टोल्याला वर्गात दोघीच उरल्या आणि भिंती एक पाऊल पुढे आल्या.

बाईंनी वही उघडली. शेवटचा एक रकाना अजून कोरा होता: ‘स्वतःला पडलेला प्रश्न विचारतो.’ त्यासाठी वेळापत्रकात तास नसल्याने तिथे रेघ ओढायची राहून गेली होती.

“जाई, काहीतरी विचार.”

“काय विचारू बाई?”

भिंत नुसती खरखरली. तो प्रश्न तिला पडलेला नव्हता.

तिसरा टोला पडला, मग चौथा. फळा बाईंच्या पाठीला टेकला. बाकांनी पाय पोटाशी घेतले. बाईंचा अंगठा सवयीने वहीच्या कडेवरून खाली सरकत होता. जाईने मात्र रंगवलेल्या एका खिडकीला कान लावला होता. पाचव्या टोल्याची थरथर ओसरेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

“बाई,” ती हळूच म्हणाली, “पलीकडून कोण टकटक करतंय?”

शेंग तडकली.

उघडली ती खिडकी भिंतीपेक्षा मोठी होती. बाहेर कशालाच अजून नाव नव्हते. नुसता उजेड दूरवर थरांथरांनी रचलेला होता आणि तो वाट पाहत असावा तसा स्तब्ध होता. इतकी मोठी खिडकी बाईंनी कधीच पाहिली नव्हती.

“जा,” त्या कशाबशा म्हणाल्या.

जाईने एक पाय बाहेर टाकला. दुसरा आत तसाच राहिला.

“आधी सांगा की.”

“टोले संपतायत, पोरी.”

“तुम्हालाही ऐकू येतं ना बाई?”

सहावा टोला पडला. त्याच्या मागोमाग मागच्या साऱ्या वर्षांच्या रंगवलेल्या खिडक्या एकदम टकटकू लागल्या. तळवे लहान असावेत असा तो आवाज होता. बाईंच्या हातातून नोंदवही निसटली. दार बोटभर उरले.

बाहेर नाईकवडी सरांचा हातोडा वर गेला. बाईंनी सर्वांत जुन्या खिडकीवर तळहात ठेवला. एकोणीस वर्षांनंतरही रंग ओला होता. तो निळा निळा होत बाईंच्या बोटांना लागला, आणि जिथे तो निघाला तिथे पलीकडून कुणीतरी आपला तळहात नेमका त्यांच्या तळहातावर टेकवला.