पूर्णगडसमोरचा ठिपका

रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर त्या दिवशी ज्याला त्याला संख्याशास्त्र कळू लागलं होतं. बर्फ फोडणारे म्हणत होते, मॉडेल चुकलं. लिलाव पुकारणारे म्हणत होते, मॉडेल चुकलं. गणिताच्या पेपरला घाम गाळण्यापलीकडे ज्यांनी काही केलं नव्हतं, तेही चहाचा ग्लास हातात धरून एकमेकांना सांगत होते, की अहो, दर्या काय कंप्युटरात मावतो? झोया मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत खिडकीपाशी लॅपटॉप उघडून बसली होती. तिला सगळं ऐकू येत होतं. तिला ऐकू जावं म्हणूनच लोक बोलत होते.

'शमीम' बेपत्ता होती. बोट झोयाच्या थोरल्या भावाची, फुजैलची. वारलेल्या आईचं नाव त्याने बोटीला दिलं होतं. बोटीवर गंगाराम तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, आणि चार खलाशी. रविवारी अचानक वादळी वारा सुटला. बाकीच्या बोटी मिळेल त्या खाडीत शिरल्या, 'शमीम' काही आली नाही. हल्ली बोटींवर सरकारी ट्रॅकर असतो. 'शमीम'च्या ट्रॅकरचा शेवटचा ठिपका पूर्णगडसमोर उमटला होता आणि तिथेच तो बंद पडला होता.

पुढचं काम झोयाचं. ती याच वाड्यातली. पुण्यात संख्याशास्त्र शिकली, तिथे एसीत बसून शॅम्पूच्या विक्रीचे अंदाज बांधत सुखात राहिली असती. पण ते सोडून रत्नागिरीतल्या एका लहानशा संशोधन संस्थेत आली. हरवलेली बोट कुठे शोधायची, हा तिचा विषय. शेवटचा ठिपका घ्यायचा, कंप्युटरात त्या जागी हजारो खोट्या बोटी सोडायच्या, प्रत्येकीला वारा आणि पाणी नेईल तिकडे वाहू द्यायचं, आणि जिथे त्यांची गर्दी होईल तिथे खरी बोट शोधायला जायचं. सांगायला सोपं आहे. त्यासाठी तिने केशरी रंग फासलेले, नंबर घातलेले नारळ वर्षानुवर्षं समुद्रात सोडले आणि किनाऱ्याकिनाऱ्याने शोधत हिंडली. "मॅडमचे नारळ गेले कालवणात," म्हणून वाडा हसला. ज्या वाड्यातल्या कितीतरी घरांत दर्यावर गेलेल्या माणसाचा भिंतीवर नुसता फोटो उरलाय, त्या वाड्याने खरं तर हसण्याआधी चार नारळ शोधून आणून द्यायला हवे होते.

शोधपथक तिने दाखवलेल्या पट्ट्यात दोन दिवस फिरलं. लाकडाची ढलपीसुद्धा मिळाली नाही. म्हणून मॉडेलच्या नावाने शंख चालला होता, आणि त्यात फुजैलही होता. "माझीच बहीण आहे म्हणून मी गप्प बसतो," असं तो गप्प न बसता सांगत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका बोटीने एक निळा क्रेट आणून टाकला. मासळीचा, प्लास्टिकचा, वर पांढऱ्या रंगात 'शमीम' लिहिलेला. तो गणपतीपुळ्यासमोर तरंगत होता.

झोयाने ती जागा नकाशावर मांडली. गणपतीपुळे रत्नागिरीच्या उत्तरेला, पूर्णगड दक्षिणेला, आणि तो सगळा आठवडा वारा अन् पाणी दोन्ही उत्तरेकडून दक्षिणेकडे धावत होते. तिने पुन्हा खोट्या बोटी सोडल्या, क्रेट सोडले, वाऱ्याचा जोर कमीजास्त करून पाहिला. पूर्णगडहून निघालेल्या हजारोंपैकी एकसुद्धा गणपतीपुळ्याला पोचेना. म्हणजे एक तर समुद्र उलटा वाहिला होता, नाही तर तो ठिपका खोटा होता. समुद्र खोटं बोलत नाही, निदान तिच्याशी तरी कधी बोलला नव्हता.

ती क्रेट उचलून जेटीवर गेली. गंगारामची बायको सगुणा तीन दिवस जाळ्यांच्या ढिगावर बसून होती. तिच्या जोडीला असायची ती वैष्णवी, 'शमीम'वरच्या संदेश खलाशाची बायको, त्या दिवशी नवस बोलायला गणपतीपुळ्याला गेली होती.

"काकी, हा 'शमीम'चाच ना?"

सगुणाने अक्षरांवरून हात फिरवला. "ह्यांच्याच हातचां हाय."

"हा गणपतीपुळ्याला सापडला. पूर्णगडहून तिथे येऊच शकत नाही, काकी."

"नायच येणार," सगुणा म्हणाली. "बोट पूर्णगडला गेलीच नव्हती ना."

ती हे इतक्या साध्या आवाजात म्हणाली, की झोयाला आधी कळलंच नाही.

"दाभोळच्या बाहेर लाइटवर गेलेले. ट्रॅकर गुरुप्रसादच्या बोटीवर व्हता. मीच नेऊन दिला, टोपलीत बर्फाखाली घालून. नेहमी मीच नेतंय."

लाइटवर म्हणजे अंधारात पाण्यावर झगझगीत दिवे सोडून मासळी गोळा करायची. त्याला बंदी आहे. म्हणून लाइटवर जाणाऱ्याने आपला ट्रॅकर उतरवून दुसऱ्या बोटीवर द्यायचा. आज तू माझा सांभाळ, उद्या मी तुझा. कागदावर दोन्ही बोटी कायद्यात. विरजणाची वाटी शेजारी पोचवावी तशा वाड्यातल्या बायका ते ट्रॅकर पोचवत होत्या. रविवारी गुरुप्रसादची बोट पूर्णगडला होती. 'शमीम' वायरलेसवर उत्तर देत नाही हे कळताच त्याची पाचावर धारण बसली, आणि त्याने आपल्याकडचा तिचा ट्रॅकर बंद करून टाकला. तोच तो शेवटचा ठिपका. त्याच्यावर झोयाने हजारो बोटी सोडल्या होत्या.

"तीन दिवस, काकी? तुझा नवरा आहे त्या बोटीवर. तू गप्प कशी बसलीस?"

सगुणाने मान वर केली. तिच्या डोळ्यांत लबाडी नव्हती, आणि तेच झोयाला सोसवेना.

"मला वाटलां, तुझ्या कंप्युटरला सगळां कळतां. नारळ कुठनं कुठं गेला तां कळतां, मग माणसां कुठं हायत तां नाय कळणार? म्हटलां, कुणाचां नाव न घेता झोया आणील शोधून. बोलले असते तर सगळ्यांची लायसनां गेली असती गो."

झोयाच्या अंगाची लाही लाही झाली. सगुणावर ओरडावं असं तिला वाटलं, आणि ओरडता येईना, म्हणून राग दुप्पट झाला. इतकी वर्षं ती वाड्याला सांगत आली होती, मला खरं सांगा, मी कुणाला पकडून द्यायला आलेले नाही. वाडा मान डोलवत होता. देवाला जसं न सांगता सगळं कळतं, तसं हिलाही कळेल असं धरून चालला होता! देवाचं ठीक आहे, त्याला रविवारचा वारा घालून गणित सोडवावं लागत नाही.

ती तडक कचेरीत शिरली. फुजैल मत्स्य खात्याच्या साहेबांना चहा देत होता.

"भाई, बोट कुठे होती?"

"पूर्णगड. किती वेळा सांगू?"

तिने क्रेट टेबलावर आपटला. कप कलंडला. "रविवारी बोट कुठे होती?"

फुजैलने साहेबांकडे पाहिलं, मग दाराकडे. "झोया, बाहेर चल. घरातली गोष्ट आहे."

"पाच घरांतली गोष्ट आहे! इथेच बोल."

"लायसन जाईल," तो दात ओठ खात पुटपुटला. "माझं एकट्याचं नाही, निम्म्या जेटीचं. सगळेच करतात. झाकली मूठ आहे, राहू दे."

"मुठीत पाच माणसं आहेत, भाई. गुदमरतायत ती."

"मग तुझं मॉडेल कशाला आहे?" तो एकदम ओरडला. "एवढी वर्षं नारळ फेकलेस ना? शोध की!"

"खोटं पेरलंस तू, आणि माझ्याकडून माणसं उगवायची वाट बघतोस? वर चारचौघांत खापर माझ्याच डोक्यावर फोडतोस? अम्मीचं नाव आहे त्या बोटीवर. निदान त्याची तरी लाज धर, आणि जागा सांग!"

साहेब उभे राहिले. दारात माणसं जमली होती. सकाळपासून दर्याचं ज्ञान पाजळणारी हीच ती माणसं, आता सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती. फुजैल खुर्चीत बसला आणि खाली बघत त्याने दाभोळबाहेरची जागा सांगितली. खोली, अंतर, सगळं. त्याला तोंडपाठ होतं.

झोयाने ठिपका हलवला. हजारो बोटी उत्तरेकडे दाभोळबाहेरून निघाल्या, दक्षिणेला सरकल्या आणि जयगडच्या पश्चिमेला गोळा झाल्या. दुसऱ्या दिवशी उजाडल्या उजाडल्या शोधपथकाला 'शमीम' तिथेच दिसली. इंजिन बंद, अर्धी पाण्यात, पण तरंगत होती.

चार माणसं जिवंत होती. संदेश नव्हता. वादळात त्याचा पाय दोरखंडात सापडून चिरडला होता. गंगारामला उतरवून घेतलं तेव्हा तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. "काल दिस मावळेस्तवर बोलत व्हता. पाणी मागत व्हता."

जेटीचा सूर एका दिवसात फिरला. मॉडेल आता एकदम हुशार झालं. सोसायटीत झोयाच्या सत्काराचा विषय निघाला. गुरुप्रसादने पुढाकार घेऊन सांगितलं, की ट्रॅकर बिघडला होता असं सगळ्यांनी म्हणायचं, आणि साहेबही माणूसच आहेत. शिवाय झोयाने आता असं मॉडेल करावं, की ट्रॅकर कुठेही असला तरी बोट सापडेल. हे तो अगदी मनापासून म्हणाला. झोयाने त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्याजोगं नाही.

बोट सापडल्यानंतर चौथ्या दिवशी ती संदेशच्या घरी गेली. फुजैल अंगणातच तिला आडवा आला. तीन दिवसांत त्याचे गाल बसले होते. "ती तुला विचारणार," तो म्हणाला. "सांग, की काही करता आलं नसतं. तिचं माणूस काही परत येणार नाही. तिला बरं वाटेल असं बोल."

"तिला, की तुला?"

आत वैष्णवी भिंतीला टेकून बसली होती. ती देवरूखकडची, शेतकऱ्याघरची. लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं आणि वाड्यातल्या आतल्या गोष्टी तिला कुणी सांगत नसत. सगुणा तिच्या पाठीवर हात ठेवून शेजारी होती. घर बायामाणसांनी भरलं होतं.

"ताई," वैष्णवी म्हणाली, "पहिल्याच दिवशी जागा बरोबर कळली असती, तर हे सापडले असते?"

सगळ्या माना झोयाकडे वळल्या. नाही म्हण, असं प्रत्येक डोळा सांगत होता. बोट सापडली त्याच रात्री झोयाने ते करून पाहिलं होतं, पहिल्या दिवसाचा वारा, खरी जागा, पथकाच्या फेऱ्या, सगळं घालून. तिला उत्तर माहीत होतं. खोटं ओठांवर येऊन बसलं, दया म्हणून. आणि मग तिला वाटलं, या घरात आधीच सगळ्यांनी मिळून हिच्यावर पुरेशी दया केलेली आहे.

"सापडले असते," ती म्हणाली. "शंभरदा शोधलं असतं तर नव्वदहून जास्त वेळा. सोमवारी संध्याकाळच्या आत."

वैष्णवी रडली नाही. दारात फुजैल उभा होता, त्याच्याकडे तिने एकदा पाहिलं. मग हळूहळू एकेका बाईकडे पाहत तिची नजर सगुणापाशी आली, आणि सगुणाने पाठीवरचा हात काढून घेतला.

"कुणाकुणाला माहीत होतं?" वैष्णवीने विचारलं.

"सगळ्यांना," झोया म्हणाली.

"सगळ्यांना?"

"तुला आणि मला सोडून."