पर सर्व्हर की पर सीट

माझी बायको इंदू गेल्याचा फोन आला तेव्हा कॉम्प्युटरवाला ज्ञानू आमच्या राजारामपुरीतल्या घरी सर्व्हर बसवत होता. ती राधानगरीला भावाकडं गेली होती. चहा पिता पिता गेली, एवढंच मेव्हणा बोलला. मी फोन ठेवला. ज्ञानूला काही माहीत नव्हतं. त्यानं विचारलं, "काका, लायसन पर सर्व्हर करायचं की पर सीट?"

सर्व्हर इंदूलाच हवा होता. लग्नपत्रिकांचं काम आम्ही घरात करायचो. एका कॉम्प्युटरवर ती, एकावर मी, तिसऱ्यावर सुट्टीच्या दिवशी आमची मुलगी तेजस्वी. एका पत्रिकेच्या तीन प्रती व्हायच्या आणि छापायला नेमकी चुकीची जायची. सगळं एका जागी ठेवणारं मशीन पाहिजे म्हणून तिनंच ज्ञानूला बोलावलं होतं.

ज्ञानू काम तसंच सोडून माझ्याबरोबर राधानगरीला आला. आम्ही इंदूला घरी आणलं, मग पंचगंगेवर नेलं. परत आल्यावर माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, दिवा लावला. खाली पाय लागतील म्हणून टेबलावर ठेवला, सर्व्हरशेजारी. स्क्रीन चालूच होता, त्यावर तोच प्रश्न. मी बंद करायला गेलो तर आक्का म्हणाली, "दिवा हाय तवर हितलं काय इझवायचं न्हाई."

हे मशीन आहे, मी सांगितलं. उजेड हाय का न्हाई, तिनं विचारलं. उजेड होता. मग दोन्ही राहिलं. भेटायला येणारे दोन्हीला नमस्कार करून बसायचे. कुरुंदवाडच्या एका पावण्यांनी स्क्रीनपुढं फूलही ठेवलं.

दहाव्याच्या आदल्या दिवशी वीज गेली आणि सर्व्हर बंद पडला. आक्का माझ्याशी बोलेना. दिवा चालू होता.

विधी उरकल्यावर ज्ञानूनं पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तोच प्रश्न आला. पर सर्व्हर म्हणजे पंगतीतले पाट, तो म्हणाला. मांडले तेवढेच कॉम्प्युटर एका वेळी बसणार, कोण बसलं ते कुणी विचारत नाही. पर सीट म्हणजे ज्याच्या त्याच्या नावाचं ताट, कुठल्याही सर्व्हरवर जेवायला चालतं. आपला सर्व्हर एकच, तेव्हा पाट बरे. पुढं ताटं करता येतात, पण एकदाच. मग परत पाटावर येता येत नाही.

नावं घालायची नव्हती, हे मला बरं वाटलं. फक्त पाटांचा आकडा घालायचा होता.

"किती घालू?"

"तीन."

तेजस्वी दारात उभी होती. "आबा, आता दोघंच आहोत आपण."

ज्ञानू स्क्रीनकडं बघत म्हणाला, "पाट रिकामा ऱ्हायला तर सर्व्हर काय म्हणत न्हाई."

तेजस्वी म्हणाली, "तीनच घाल, ज्ञानूदादा."

त्यानं तीन घातले. माझा आणि तेजस्वीचा कॉम्प्युटर त्याच दिवशी जोडला. आता पत्रिका चुकीची छापून येत नाही. चुकली तर चूक माझीच असते. इंदूच्या टेबलापर्यंत वायर आणून ठेवली आहे. तिच्या मशीनमध्ये एक पत्रिका अर्धी राहिली आहे. त्या लोकांनी ती दुसरीकडून छापून घेतली, लग्नही झालं.

वायर अजून लावायची आहे.