इमानाने

तिने त्याचा डावा हात आपल्या मांडीवर घेतला आणि करंगळीपासून नखं कापायला सुरुवात केली.

“हलू नका,” ती म्हणाली.

तो हलला नाही. परक्या माणसासमोर तो नेहमीच शहाण्यासारखा वागायचा, आणि डोकं साथ देईनासं झाल्यापासून बायको त्याच्या लेखी परकीच होती. सेवेला ठेवलेली पगारी बाई. चहा हातात दिला की तो तिचे आभार मानायचा. एवढ्या संसारात कधी मानले नव्हते.

आयुष्यभर त्याने घड्याळं दुरुस्त केली आणि गिऱ्हाइकांना थापा मारल्या. “इमानाने सांगतो, उद्या देतो,” असं म्हणाला की घड्याळ अजून उघडलेलंसुद्धा नाही, हे अख्ख्या गल्लीला पाठ. खरंच द्यायचं असलं की नुसतं ‘देतो’ म्हणायचा. घरातही तीच तऱ्हा. “इमानाने, भाजी झकास झालीय,” म्हटलं की ती निमूट मिठाचा डबा पुढे सरकवायची.

शेजारच्या दुकानातल्या शिलाईवालीबद्दल तिने त्याला एकदाच विचारलं होतं.

“इमानाने सांगतो, तसलं काही नाही.”

पुढे तिने विषय काढला नाही. मुलगी लहान होती.

आता तिने नेलकटर पदराला पुसलं आणि त्याचा उजवा हात घेतला.

“बायकोशिवाय दुसरी कुणी होती का हो तुमची?”

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला,

“होती.”

नुसतं ‘होती’. मागे-पुढे काही नाही. त्याचं बोट तिच्या चिमटीत तसंच राहिलं.

“शिवणकाम करायची,” तो म्हणाला. “पिशवी भरून निघालोही होतो एकदा.”

“मग?”

“बायको जेवायची थांबलेली. म्हटलं, जेवून जाऊ.”

“आणि?”

“राहिलंच मग.”

तिने खाली पडलेली नखं एकेक करून वेचली, कागदात बांधली. तेवढ्यात तो पुढे झुकला, आवाज उतरवून म्हणाला,

“बाई, हे तिच्या कानावर घालू नका. भोळी आहे ती. इमानाने सांगा, नाही ना सांगणार?”

तिने मान वर केली नाही.

“इमानाने सांगते,” ती म्हणाली. “नाही सांगणार.”

त्याचा जीव भांड्यात पडला. राहिलेली बोटं त्याने आपणहून पुढे केली.