नोटिशीची शेवटची ओळ

कचेरीच्या मोठ्या फाटकाबाहेर ती चष्मे विकायची. वय एकोणीस. जवळचं वाचण्याचे तयार चष्मे पुठ्ठ्यावर ओळीने अडकवलेले आणि शेजारी तिची सख्खी मावशी, लिंबांची टोपली घेऊन. गिऱ्हाईक आलं की पोरगी त्याच्या हातात सुईदोरा द्यायची. "ओवा बघू, काका." सुई ओवली गेली की चष्मा पक्का. मावशी म्हणायची, "हिनं शिलाईचा क्लासच काढलाय!"

एका सकाळी पालिकेचा माणूस आला. हातात नोटीस, मागे गाडी.

"चला, उठा सगळे. आजच्या आज जागा मोकळी करा."

मावशीच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. पोरीचं लक्ष मात्र त्या माणसाच्या हाताकडे होतं. नोटीस त्याने हातभर लांब धरली होती. मान मागे, डोळे बारीक.

"साहेब, वाचून दाखवा ना."

"वाचायचं काय त्यात? उठा म्हणजे उठा."

तिने पुठ्ठ्यावरचा एक चष्मा काढून पुढे केला. "लावून तरी बघा. घेतलाच पाहिजे असं नाही."

गाडीतले दोघे बघत होते. तो जरा घुटमळला, मग त्याने चष्मा नाकावर चढवला आणि ओठ हलवत वाचू लागला. शेवटची बारीक ओळ त्याने मोठ्याने वाचली. "विक्रेत्यांना मागच्या फाटकाजवळच्या भिंतीलगत बसण्यास मुभा राहील."

"बघा!" मावशी म्हणाली.

तो मात्र खाली बघत होता. "सकाळपासून दोन रस्ते उठवले मी," तो हळूच म्हणाला. "त्यांना हे सांगितलंच नाही."

"मग आता सांगा," पोरगी म्हणाली. "अजून लांब गेले नसतील."

घासाघीस न करता चष्मा विकत घेऊन तो गाडीत बसला. गाडी आली त्याच रस्त्याने परत गेली.

दुपारपर्यंत मावशी-भाची भिंतीपाशी जाऊन बसल्या. आठवडाभर तिकडे कुत्रंही फिरकलं नाही. मग उठवलेल्या रस्त्यांवरची माणसं एकेक करून आली. कुणी मोजे घेऊन, कुणी कंगवे घेऊन. त्यांच्यामागे गिऱ्हाईकही आलं. सावलीच्या तुकड्यावरून मावशी रोज कुणाशी ना कुणाशी भांडू लागली.

"मावशी, सरक गं जरा," पोरगी पुठ्ठा उचलत म्हणाली. "या कंगवेवाल्या ताईला बसू दे."