परीक्षा सगळ्यांची

ग्राझियाने सँडल काढून टेबलाखाली पाय सरकवले आणि अंगठ्याने तिन्ही पेडलं चाचपली. डावं दाबलं की मागचा रकाना, उजवं दाबलं की पुढचा, मधलं दाबलं की नोंद पक्की. एका कानात वायरलेस होता, दुसऱ्या कानात संगणकाच्या पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर. डाव्या हाताखाली ब्रेलचा छोटा कळफलक.

वॉरिक दारातच उभा राहून बोलला. मरांगा या बंदरगावातल्या सागरी मदत केंद्राचा तो प्रमुख होता, निवृत्त मुख्याध्यापक. नाताळच्या सुट्टीत खाडीतून दिवसाला शंभर बोटी बाहेर पडतात, तेव्हा त्याआधी ग्राझियाची एक छोटीशी परीक्षा घ्यावी, असं समितीचं म्हणणं होतं. ध्वनिमुद्रित केलेले वीस संदेश, वीस नोंदी, पंधरा मिनिटं. सोळा बरोबर आल्या नाहीत, तर वायरलेसवर बसायचं नाही.

ग्राझिया एकोणिसाव्या वर्षी आंधळी झाली होती आणि गेली अठरा वर्षं हा वायरलेस सांभाळत होती. आंधळेपणाबद्दल कोणाची तक्रार नव्हती. गेल्या हिवाळ्यात धक्क्याच्या उतारावर ती घसरली, उजव्या हाताची बोटं आखडली ती आखडलीच. तेव्हापासून ती एकाच हाताने टाइप करायची, आधी अक्षराचे डावे ठिपके, मग उजवे. वेळ लागायचा.

"फक्त माझी?" तिने विचारलं.

"बाकीचे साधा कीबोर्ड वापरतात, ग्राझिया."

"मग त्यांना सोपंच जाईल. केंद्रावरच्या चौदाही जणांची घे. नाहीतर माझीही होणार नाही."

वॉरिकने समजावून पाहिलं. हा अपमान नाही, लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे, असं तो म्हणाला. ती म्हणाली, तेच तर सांगतेय. शेवटी तिने तीन आठवडे मागून घेतले आणि तो दोन्हीला कबूल झाला.

त्या तीन आठवड्यांत क्लाइव्हने तिची रोज तयारी करून घेतली. चौऱ्याहत्तर वर्षांचा क्लाइव्ह ग्राझियाच्या बापाच्या बोटीवर खलाशी होता. आता तोही केंद्रावर पाळी करायचा आणि आपल्या जुन्या गाडीतून तिला ने-आण करायचा. पेडलंही त्यानेच आपल्या शेडमध्ये शिलाई मशीनच्या सुट्या भागांतून बनवली होती. तो खणखणीत आवाजात बोटींची नावं, माणसांचे आकडे, परतायच्या वेळा वाचायचा. ती लिहायची, चुकायची, चिडायची. तो म्हणायचा, "तुझा बाप जाळं असंच शिव्या देत विणायचा." मग ती पुन्हा सुरुवात करायची. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांत नऊ नोंदी झाल्या. अठराव्या दिवशी एकवीस.

परीक्षा शनिवारी सकाळी झाली. एकेक जण आत जाऊन टेबलाशी बसला आणि बाहेर आला. बाहेर व्हरांड्यात चहा आणि कालचा केक होता. ग्राझियाची पाळी आली तेव्हा कोणीतरी हळूच शुभेच्छा दिल्या. तिने त्या ऐकल्या नाहीत असं दाखवलं.

निकाल भिंतीवर लागणार होता, पण ग्राझियासाठी म्हणून वॉरिकने तो मोठ्याने वाचला. ग्राझिया बोनानो, वीसपैकी एकोणीस. टाळ्या वाजल्या. ती हसली नाही, फक्त खुर्चीत जरा मागे रेलली.

वॉरिक पुढे वाचत गेला. शेवटच्या नावाशी त्याचा आवाज खाली आला.

"क्लाइव्ह. अकरा."

बोटींची नावं चुकली होती, ‘थर्टीन’च्या जागी ‘थर्टी’ आलं होतं. ग्राझियाला एकदम त्याच्या गाडीतली रेडिओवरची गाणी आठवली, कान किटेपर्यंत मोठी. इतकी वर्षं तिला ती हौस वाटली होती. आणि तयारीच्या वेळी तर बोलणारा नेहमी तोच होता.

गाडीत त्याने रेडिओ लावला नाही. घरापाशी थांबल्यावर म्हणाला, "माझ्यासाठी नियम बदलायला जाऊ नकोस. तूच मागितला होतास."

सोमवारी तो तिला न्यायला आला नाही. ग्राझिया पांढरी काठी घेऊन बसने केंद्रावर गेली आणि थेट वॉरिकसमोर उभी राहिली. क्लाइव्हला तीन आठवडे हवेत, ती म्हणाली, आणि जे यंत्र लागेल ते टेबलावर ठेवायची परवानगी.

"सगळ्यांना एकच नियम, असं तूच म्हणालीस ना?"

"एकच. मला तीन आठवडे मिळाले, माझं सामान मिळालं. त्यालाही तेच दे."

वॉरिक बराच वेळ पेन उघडत-मिटत राहिला. मग त्याने कॅलेंडरचं पान उलटलं आणि तारीख सांगितली.

परतताना ती क्लाइव्हच्या घरी गेली. पुढच्या दारावर तीनदा थाप मारली. आत टीव्ही गर्जत होता. ती भिंतीला हात लावत मागच्या दाराने शिरली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी जाऊन बसली. तिची चाहूल त्याला उशिराच लागली. टीव्ही बंद झाला.

तिने सगळं सांगितलं. कानाची तपासणी, आवाज वाढवून देणारा हेडफोन, वीस तारखेची परीक्षा. उद्यापासून संदेश ती वाचणार, लिहिणार तो.

"कानात यंत्रं घालून बसू? त्या सगळ्यांसमोर?" तो म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

"माझ्याबद्दल अठरा वर्षं जे म्हणताहेत तेच."

त्याने किटली भरली. नळ बराच वेळ वाहत राहिला. मग त्याने तिच्यासमोरची खुर्ची ओढली.

"काय म्हणालीस?"

तो खरंच ऐकू न आल्यामुळे विचारत होता की नाही, हे तिला कळलं नाही. तिने ते पुन्हा सांगितलं, या वेळी कुंपणापलीकडच्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.